उदमांजर आणि बंदुकीचा विचार

शनिवार पेठेंतील जुन्या वाड्याच्या माळ्यावर रात्रीं पावलें वाजूं लागलीं, कौलें सरकलीं, कीं घरधनी विचारतो, 'कोणती बंदूक घ्यावी?' हा उपद्रव पुष्कळदां उदमांजराचा असतो. कोंकणांत त्यास कांडेचोर म्हणतात.

१९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळूं शकतो खरा. परंतु तो बंदूक बाळगण्याचा परवाना होय, उदमांजर मारण्याचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या प्राण्यास संरक्षण दिलें असून, त्यास सापळ्यांत धरणें हीही त्या कायद्यानें शिकारच ठरते. मग हवाबंदुकीची गोष्ट वेगळी ती काय? शिवाय दाट वस्तींत गोळी कौल फोडून कोठें जाईल याचा नेम नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, बंदुकीचे पैसे सुतारास द्यावे. उदमांजर दिवसा माळ्यावर निजतें व रात्रीं फळें, किडे, उंदीर खाण्यास निघतें. पैकीं उंदीर खाणें तर आपल्याच हिताचें. माळ्यावर पिलें नाहींत अशी खात्री करून, तें बाहेर पडल्यावर त्याची वाट लोखंडी जाळीनें बुजवावी. पिलें असल्यास तीं हिंडूं लागेपर्यंत थांबावें. छपरावर आलेल्या फांद्या महानगरपालिकेच्या परवानगीनें छाटाव्या, पिकलेलीं फळें वेळींच उतरावीं, शेतावरील कोंबड्या रात्रीं भक्कम खुराड्यांत कोंडाव्या. एवढ्यानें न भागल्यास वन विभागास कळवावें.

बंदुकीनें एक उदमांजर मरेल. उघडी राहिलेली वाट दुसऱ्यास बोलावील.