क्लेम सुटल्यावर वकिलाला किती?

अपघातातला जखमी अजून वॉर्डात असतो, तेवढ्यात कोणीतरी नातेवाइकांना गाठून सांगतं, "आत्ता एक रुपया देऊ नका. क्लेम सुटला की वीस टक्के द्या." अमेरिकेत असा ठराव राजरोस होतो, भरपाईचा साधारण तिसरा हिस्सा वकील घेतो. आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला मनाई आहे. तरी टक्केवारी चालते, कारण खिसा रिकामा असताना ती सोयीची वाटते.

आता हिशेब पाहा. बारा लाख मंजूर झाले, तर वकिलाचे दोन लाख चाळीस हजार. व्याजावरही टक्के लावले तर आणखी. मृत्यूच्या दाव्यात रक्कम ठरते ती मृताचं उत्पन्न, वय आणि अवलंबून असलेली माणसं यांवरून. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात वयानुसार गुणकच ठरवून दिला : मृत २६ ते ३० वर्षांचा असेल तर १७, ३१ ते ३५ चा असेल तर १६. म्हणजे मृताचा पगार मोठा, म्हणून वकिलाची फी मोठी. कामात फारसा फरक नाही.

तेलंगणातल्या एका विधवेने अपघाताच्या दाव्यात फी दिली होती. तरी वकिलाने तिच्याकडून आणखी दहा लाखांचा चेक घेतला आणि तो वटला नाही म्हणून तिच्यावरच फौजदारी केस केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि टक्केवारीची फी हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

म्हणून फी ठोक ठरवा, टप्प्याटप्प्याने द्या, पावती घ्या. कागदपत्रांच्या नकला, अपंगत्वाचा दाखला, साक्षीला येणाऱ्या डॉक्टरांचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा, हे वकालतनाम्यावर सही करण्याआधीच विचारा. कोऱ्या चेकवर सही करू नका. मंजूर रक्कम दावेदाराच्याच खात्यात जमा व्हायला हवी.

ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मात्र फीच्या घासाघिशीत महिने घालवू नका : १ एप्रिल २०२२ पासून कायद्याने दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे.