डिस्चार्जचा अर्ज

नाशिक जिल्हा न्यायालयात ‘एमपीआयडी’ची प्रकरणं बोर्डावर असली की व्हरांड्यात कापडी पिशव्या घेतलेली माणसं दिसतात. पिशवीत प्लॅस्टिकच्या कव्हरात जपलेल्या ठेवपावत्या. 2014 मध्ये केबीसी, 2016 मध्ये मैत्रेय या कंपन्यांत ठेवी बुडाल्या. या शहरानं हे पुन्हा पुन्हा सोसलंय. तिथल्याच बाकावर, थोडं अंतर राखून, आरोपीही बसलेले असतात आणि ते सगळेच संचालक नसतात.

‘एमपीआयडी’ म्हणजे ठेवीदारांच्या हितरक्षणाचा 1999 चा कायदा. त्याचं कलम 3 संचालक-व्यवस्थापकांबरोबर कारभाराला जबाबदार असलेल्या कर्मचाऱ्यालाही आरोपी करतं. शिक्षा 6 वर्षांपर्यंत. जबाबदार नेमकं कुणाला म्हणायचं, यावरच डिस्चार्जचं, म्हणजे खटल्याआधीच आरोपातून वगळण्याचं भांडण.

पुकारा होतो. सरकार पक्षाचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, आलेला असतो. आरोपीच्या वकिलाला आपली कागदपत्रं पुढे करता येत नाहीत; देबेंद्रनाथ पाढी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये तो दरवाजा बंद केला. म्हणून पोलिसांच्याच दोषारोपपत्रातली पानं उलटायची. मी ऐकलेल्या एका युक्तिवादात वकील म्हणाले, “पावतीवर सही माझ्या अशिलाची, मान्य. पण खात्यातून पैसे काढायचा अधिकार कुणाला होता? बँकेचं पत्र पाहावं, साहेब.” सरकारी वकिलांनी लगेच ठेवीदारांचे जबाब काढले: “एजंटांच्या बैठका यांनीच घेतल्या.” न्यायाधीश ते जबाब सावकाश वाचत राहिले. इथं दोष सिद्ध व्हायचा नसतो. गंभीर संशय उरतो का, एवढंच तपासायचं असतं.

हे वाचन माणसागणिक वेगळं व्हायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. पगारावर पावत्या फाडणारा आणि बैठकीत दामदुपटीचं आमिष दाखवणारा यांना एकाच ओळीत बसवणं हा अन्याय आहे. आणि दुसऱ्याला पहिल्याच्या आडून निसटू देणं हा ठेवीदारांवरचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत दोषारोपपत्राच्या प्रती मिळाल्यापासून 60 दिवसांत डिस्चार्जचा अर्ज करायचाय. हजारो पानांच्या दोषारोपपत्राला ही मुदत तोकडी, पण वर्षानुवर्षं तारखा मोजणाऱ्यांसाठी गरजेची.

बाहेर एका आजींनी विचारलं, “हा सुटला तर आमचे पैसे गेले का, दादा?” नाही. जप्त मालमत्तेचं कामकाज कलम 7 खाली वेगळं चालतं. सक्षम प्राधिकारी अर्ज घेऊन न्यायालयापुढे जातो, हरकती ऐकल्या जातात, मग विक्री आणि वाटप. कर्मचारी वगळला गेला म्हणून कंपनीच्या जमिनीवरची जप्ती उठत नाही. आजींना पुढची तारीख विचारायची होती ती जप्तीच्या त्या अर्जाची.