मतदानाचा ताळा

भागाकाराचे उदाहरण सोडवून झाले की ताळा करून पाहावा, हे आपण प्राथमिक शाळेतच शिकतो. भाजक आणि भागाकार यांच्या गुणाकारात बाकी मिळवली की भाज्य यायला हवा. 'माझे उत्तर बरोबर आहे' असे नुसते सांगून भागत नाही. ते दुसऱ्यालाही पडताळता आले पाहिजे. लोकसभेच्या निवडणुकीलाही हाच नियम लागू पडतो. तिथे ताळा कसा करतात, ते वऱ्हाडातल्या अमरावती आणि अकोला या दोन मतदारसंघांच्या उदाहरणावरून पाहू या.

या दोन्ही मतदारसंघांत २६ एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले. अकोल्यात १५ उमेदवार होते, तर अमरावतीत ३७. एका मतयंत्रावर जास्तीत जास्त १६ बटणांची सोय असते आणि त्यांतले शेवटचे बटण 'वरीलपैकी कोणीही नाही' म्हणजेच 'नोटा'साठी लागते. अकोल्यात १५ अधिक १ मिळून बरोबर १६ झाले, त्यामुळे एक यंत्र पुरले. अमरावतीत मात्र ३८ बटणे हवी होती. म्हणून तिथे प्रत्येक केंद्रावर तीन मतयंत्रे क्रमाने जोडावी लागली. जिल्हे शेजारशेजारचे, दिवस एकच; पण काम वेगळे!

हे काम करतात कोण? तुमच्या शाळेतले सर किंवा बाई, बँकेतले आणि सरकारी कचेरीतले कर्मचारी. एका केंद्रावर एक केंद्राध्यक्ष आणि साधारणपणे तीन मतदान अधिकारी असतात. पहिला अधिकारी यादीत मतदाराचे नाव पडताळतो. दुसरा नोंदवहीत सही घेतो आणि बोटाला शाई लावतो. तिसरा नियंत्रण यंत्राचे बटण दाबतो, तेव्हाच एक मत देता येते. कोणाला कोणते केंद्र मिळणार, हे संगणकाने तीन वेळा 'सरमिसळ' करून ठरते. यंत्रांचीही अशीच सरमिसळ राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींसमोर होते आणि यंत्रांच्या क्रमांकांची यादी त्यांना मिळते. त्यामुळे कोणते यंत्र आणि कोणता कर्मचारी कोठे जाणार, हे आधी कोणालाच ठाऊक नसते.

तीन प्रश्न, तीन ताळे

पहिला प्रश्न असा : यंत्र सकाळी बरोबर चालते का? २०२४ मध्ये मतदान सकाळी ७ वाजता सुरू झाले. त्याच्या दीड तास आधी, म्हणजे साडेपाचलाच, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर 'अभिरूप मतदान' घ्यायचे असते. त्यात किमान ५० मते देतात आणि प्रत्येक बटण निदान एकदा दाबतात. मग यंत्राचा निकाल आणि छापलेल्या चिठ्ठ्या ताडून पाहतात.

दुसरा प्रश्न असा : दिवसभरात मते वाढली किंवा घटली तर नाहीत ना? याचे उत्तर साध्या वजाबाकीत आहे. समजा, नोंदवहीत ८४७ मतदारांची नोंद झाली आणि दोघे सही करून मत न देताच परत गेले. मग यंत्रावर ८४५ हाच आकडा दिसला पाहिजे. केंद्राध्यक्ष हा हिशेब 'सतरा-सी' नावाच्या नमुन्यात लिहितात आणि त्याची सही केलेली प्रत प्रतिनिधींना देतात. मतमोजणीच्या दिवशी यंत्राने ८४५ ऐवजी दुसरा आकडा दाखवला, तर कोणताही पक्ष आपला कागद पुढे करून जाब विचारू शकतो.

पण हा ताळा फक्त एकूण मतांचा झाला. मत ज्याला दिले त्यालाच मिळाले का, हा तिसरा प्रश्न उरतोच. त्यासाठी व्हीव्हीपॅट हे यंत्र आहे. बटण दाबल्यावर चिन्ह छापलेली चिठ्ठी काचेतून सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. २०१९ पासून लोकसभेच्या प्रत्येक मतदारसंघात दर विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रे सोडत काढून निवडतात आणि तिथल्या चिठ्ठ्या हाताने मोजतात.

पाच यंत्रे पुरेशी आहेत का?

अमरावती आणि अकोला या प्रत्येक मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे आहेत, म्हणजे तपासणी ३० यंत्रांची होते. समजा, दर १० यंत्रांत एक सदोष आहे. मग एक यंत्र चांगले निघण्याची शक्यता ०.९. तीसही चांगली निघण्याची शक्यता ०.९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.०४. याचा अर्थ दोष उघडकीस येण्याची शक्यता सुमारे ९६ टक्के झाली. परंतु १०० यंत्रांत एकच सदोष असेल, तर ०.९९ चा तिसावा घात सुमारे ०.७४ येतो. म्हणजे दोष सापडण्याची शक्यता २६ टक्केच उरते. मोठी गडबड या नमुन्यात सहज सापडेल. लहान मात्र निसटू शकेल.

सगळ्याच चिठ्ठ्या ताडून पाहाव्यात, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे होती. तिचा निकाल लागला तो दिवसही २६ एप्रिल २०२४ हाच! न्यायालयाने ती मागणी मान्य केली नाही. मात्र निकालानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना, खर्च भरून, दर विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची वाट मोकळी करून दिली.

प्रशिक्षण कशासाठी?

सकाळच्या ५० मतांकडे पुन्हा वळू या. ती खोटी मते पुसली पाहिजेत. त्यासाठी प्रशिक्षणात तीन बटणांचा क्रम घोकून घेतात : क्लोज, रिझल्ट, क्लिअर. आता समजा, गडबडीत शेवटचे बटण दाबायचे राहिले. मग संध्याकाळी यंत्र ८४५ ऐवजी ८९५ दाखवील. कोणी लबाडी केलेली नाही, तरी ताळा चुकला. असे यंत्र मोजणीत बाजूला ठेवावे लागते. २०२४ च्या नियमानुसार विजयाचा फरक अशा यंत्रांतल्या मतांपेक्षा कमी असेल, तर तिथल्या चिठ्ठ्या मोजत. एका विसरलेल्या बटणाने एका गावाची मते संशयात सापडतात.

म्हणूनच प्रशिक्षणात नुसते भाषण ऐकून चालत नाही. प्रत्येकाने यंत्र हाताने जोडून, चालवून आणि मोहोरबंद करून पाहावे लागते. मेळघाटातल्या डोंगराळ गावात पहाटे यंत्र अडले, तर मोबाइलची रेंज मिळेलच असे नाही. तिथे हाताची सवयच उपयोगी पडते.

एक प्रयोग तुम्हीही करून पाहा. वर्गप्रमुखाच्या निवडणुकीत नोंदवही, मतपेटी आणि प्रत्येक उमेदवाराचा एक प्रतिनिधी ठेवा. पेटी रिकामी असल्याचे सर्वांना दाखवा आणि शेवटी सह्यांची संख्या मतपत्रिकांशी जुळवा. हरलेल्या उमेदवारानेही हिशेबावर आपणहून सही केली, तर ताळा जमला असे समजा.