मोटरीच्या पेटीतलं सिम



मागल्या एका दिवाळीत आमच्या थोरल्याने मला नवा मोबाईल घेतला. कोल्हापुरात राजारामपुरीत जाऊन, दुकानात तासभर बसून. जुना बटणांचा फोन सात वर्षे खिशात होता. दोनदा पाटात पडला, एकदा ट्रॅक्टरच्या सीटखाली सापडला, पण बंद काही पडला नाही. नवा फोन म्हणजे नुसती काच. उसाच्या पाल्याने चरे पडलेली आमची बोटे त्या काचेला पटत नाहीत. नातू एकदा बोट टेकवतो की उघडतो, मी चारदा घासतो. असो, सवय होते.

खरी गोष्ट फोनची नव्हे, सिमची आहे. दुकानातल्या पोराने नवे सिम आणि ८४ दिवसांचा प्लॅन दिला. "आबा, दिवसाला दोन जीबी हाय, बोलणं अनलिमिटेड." मी म्हटले, "दोन जीबी घिऊन मी काय करू?" तर म्हणाला, "सगळी हेच घेत्यात." एवढ्यावर व्यवहार झाला. मग जुन्या सिमचे काय करायचे? थोरला म्हणाला, "नदीवरच्या मोटरीच्या पेटीत घालू. इनकमिंग तर फुकटच असतंय."

ही पेटी आपल्यापैकी पुष्कळांकडे आहे. घरात बसून फोन लावायचा, एक बटण दाबले की मोटर चालू, दुसरे दाबले की बंद. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाने असे यंत्र तयार केले आणि २००९ साली त्याला नोकिया कंपनीचे बक्षीस मिळाले. आता निरनिराळ्या कंपन्यांच्या पेट्या मिळतात. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन नदीवर जाणे वाचले. ज्याने अंधारात पायाखाली नाग बघितलाय, त्याला हा उपकार केवढा ते विचारा.

पण कारखान्यात आणि बँकेत आमची नोंद जुन्याच नंबराची, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. जानेवारीत ऊस गेला, वजनाचा मेसेज काही येईना. मी दोन दिवस बिचाऱ्या चिटबॉयला बोल लावत होतो. मेसेज बिनचूक आला होता, पण मोटरीला. पुढे बिल जमा झाले, तेही आमच्या आधी मोटरीला कळले.

इथवर हसण्यावारी गेले. चैत्रात मात्र महागात पडले. लाईटची रात्रपाळी होती. खोडव्यात युरियाची दोन पोती विस्कटून पाणी सोडले होते. बाराच्या सुमारास सऱ्या तुडुंब झाल्या, म्हणून मोटर बंद करायला घरातून फोन लावला. पलीकडून बाई म्हणाली, या नंबरवर इनकमिंग सेवा बंद आहे. पुन्हा लावला, पुन्हा तीच. सौ. म्हणाल्या, "तिच्याशी काय भांडताय, जावा आता." नदी घरापासून दीड किलोमीटर. पोचून हाताने मोटर बंद केली, परत फिरून फडात आलो तोवर बांध फुटला होता. पाणी ओढ्याला लागले, आणि पाण्याबरोबर दोन्ही पोती.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. जुन्या नंबरावर थोरल्याने वर्षाचा रिचार्ज मारला होता, तो संपला. "मुदत संपत आली" असे मेसेज कंपनीने पाठवले होते. तेही पेटीतच पडून राहिले.

चूक आमचीच, पण "इनकमिंग फुकट" हे डोक्यात बसायला कारण आहे. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल फोन केला, तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता आणि आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. २००३ साली आलेले फोन फुकट झाले, आणि आपण सगळे मिस कॉल द्यायला शिकलो. शेतकऱ्याच्या हातात मोबाईल आला तो त्या फुकट इनकमिंगमुळेच. पण २०१८ अखेरपासून कंपन्यांनी ठराविक रिचार्ज नसेल तर इनकमिंगही तोडायला सुरुवात केली. ते मात्र आमच्या कानावरून गेले.

आणि महिनाही आपला नव्हे. प्लॅन २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. यावर ओरड झाली, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये 'ट्राय'ने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, हुकूम काढला की प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवावा. डिसेंबर २०२४ मध्ये त्याहून कामाचा नियम आला. इंटरनेट नको असेल त्यांच्यासाठी नुसते बोलणे आणि मेसेज एवढाच प्लॅन कंपनीने दिला पाहिजे, मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. मोटर काही पिक्चर बघत नाही, तिला हाच पुरे. पण दुकानात गेल्यावर हा प्लॅन आपण होऊन मला कोणी दाखवला नाही. "नेट नको, बोलण्याचा दाखव" असे दोनदा म्हणावे लागले, तेव्हा पोराने मोबाईलवर खाली खाली सरकवत शोधून काढला.

रिचार्ज संपला की नंबर लगेच जात नाही. पण ९० दिवस त्याचा काहीच वापर नसेल आणि शिल्लक वीस रुपयांच्या खाली असेल तर बंद होतो, आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. आमचा थोडक्यात वाचला. बँकेचा ओटीपी परक्या माणसाच्या फोनवर वाजला असता, हे मनात आले की अजून पोटात कालवते.

आता नवा नंबर गट ऑफिसात आणि बँकेत लेखी देऊन पोच घेतली आहे. जुने सिम पेटीतच आहे, बोलण्याच्या प्लॅनवर. त्याची मुदत कधी संपते ती तारीख पेटीच्या झाकणावर ऑइल पेंटने लिहिली, घरातल्या कॅलेंडरवरही लिहिली. नातू म्हणाला, फोनमध्येच आठवण लावून देतो. म्हटले, लाव की, पण रंग पुसायचा नाही.