वारांनी मोजलेला शनिवार

पहाटे 5.30

गजर व्हायच्या आत जाग आली. एप्रिल लागला तरी वाहनतळाच्या कडेला बर्फाचे काळपट ढिगारे अजून आहेत. चहाचं आधण ठेवलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या. गटातल्या बाकीच्या जणी दुपारी सँडविच खातात, मला पोळी-भाजी लागते. चार पोळ्या जास्त कराव्याच लागतात, कारण आता त्याही मागून घेतात. निघताना नातवाचं पांघरूण सारखं केलं. सोमवार ते शुक्रवार त्याचा डबा, शाळा, अभ्यास, खोकला, सगळं माझ्याकडे. संध्याकाळी सहाला दारात किल्ली फिरते, लेक घरात येते आणि माझी पाळी संपते. शनिवारी तो आईबापाचा, म्हणून कापडविक्रीचा शनिवार मला पुरा मिळतो.

6.40

गाडी दारात आली. चालवणाऱ्या बाई मूळच्या जमैकाच्या, आयुष्यभर नर्स होत्या, आता 74 वर्षांच्या. मागच्या सीटवर तीन कात्र्या, दोन लाकडी पट्ट्या आणि बिस्किटांचे डबे भरून बटणं.

मला या कामात त्यांनीच आणलं. सात वर्षांपूर्वी मी सांगलीहून मिसिसागाला आले तेव्हा वाचनालयात त्या एक टेबल मांडून बसल्या होत्या. आफ्रिकेतल्या आज्यांसाठी कॅनडातल्या आज्या पैसे जमवतात, एवढंच आधी कळलं. मग त्यांनी खुर्ची ओढून बसवलं आणि सगळं सांगितलं. एड्सने कर्ती पिढी नेली, मागे राहिल्या म्हाताऱ्या आणि मुलं. 2006 च्या सुमारास सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत एड्समुळे आई, बाप किंवा दोघंही गमावलेली मुलं सुमारे 1 कोटी 20 लाख होती. त्यातल्या कितीतरी जणांना आजीनेच पदराखाली घेतलं. पोटची मुलं पुरून आलेली बाई दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आई झाली.

मला हे अगदीच नवं नव्हतं. मी सांगलीकडे प्राथमिक शाळेत शिकवायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी प्रवेशअर्जावर पालकाच्या रकान्यात आजीचा अंगठा यायला लागला. आईबाप कशाने गेले विचारलं तर 'टीबी' असं उत्तर यायचं. आमच्याच जिल्ह्यात 1992 पासून संग्राम ही संस्था या आजाराबद्दल उघडपणे बोलत होती, पण शाळेच्या व्हरांड्यात तो शब्द कुणी उच्चारत नसे. मीही नाही. स्टॅम्पपॅड पुढे करायचे, अंगठा घ्यायचे, फॉर्म फायलीला लावायचे. त्यातल्या एकीलाही 'बसा, पाणी घ्या' म्हटल्याचं मला आठवत नाही. ते अजून टोचतं.

7.15

चर्चच्या तळघरातला हॉल. वर्षभर जमवलेलं कापड काल रात्रीच खाली आणलंय. हे कापड येतं कुठून, असं लोक विचारतात. शिवणाची हौस असलेली बाई गेली की तिच्या खोलीत कपाटंच्या कपाटं भरून कापड निघतं. लेकींना ते टाकवत नाही आणि ठेवायला जागाही नसते. त्या खोकी घेऊन आमच्याकडे येतात, आणि खोकं खाली ठेवल्यावर झाकणावरचा हात लगेच उचलत नाहीत. आम्हीही घाई करत नाही. खोकं उघडायच्या आधी आई काय काय शिवायची ते विचारून घेतो. कधी कधी अर्धा तास जातो.

माझं काम निवडण्याचं. सुती, रेशमी, लोकरी आणि पॉलिस्टरचे ढीग वेगळे लावायचे. हाताला कळतं, पण मिश्र कापड हाताला फसवतं. मग मागच्या दारात जाऊन एक धागा काडीने पेटवून बघते. कागदासारखा वास आला आणि राख चिमटीत विरली तर सुती. जळक्या केसांचा वास आला तर रेशीम नाहीतर लोकर. आकसून काळा टणक मणी झाला तर पॉलिस्टर. पहिल्या वर्षी मी पॉलिस्टर सुती म्हणून लावलं होतं. इस्त्रीखाली ते चिकटलं आणि एका बाईची अर्धी गोधडी वाया गेली. तेव्हापासून काडेपेटी पिशवीत असतेच.

9.00

दार उघडलं. बाहेर साठेक जणी रांगेत. कॅनडात मीटर येऊन कितीतरी वर्षं झाली, पण गोधडी शिवणाऱ्या बायका अजून वारातच बोलतात, त्यामुळे आमच्या पट्ट्याही वाराच्या. पुढचे दोन तास नुसतं मोजणं, कापणं, घडी घालणं. बोलायला उसंत नाही.

11.20

एका खोक्याच्या तळाशी खणाचं कापड निघालं. डाळिंबी रंग, काठाला हिरवं. चौकोनी घडी इतक्या वर्षांची की दुमडीवर रंग उडालेला. कुणाच्या घरातून आलं असेल ते कळायला मार्ग नाही. शेजारच्या बाईंनी त्यावर कटपिसाची चिठ्ठी लावली होती, एक डॉलर. मी म्हटलं, थांबा. हे गुळेदगुड्डचं, हातमागावरचं. आमच्याकडे याची चोळी शिवतात, ओटी भरतात. त्यांनी चष्मा वर केला, कापड उजेडाला धरलं, आणि ओटी म्हणजे काय ते विचारलं. सांगता सांगता मला जाणवलं, की गोष्ट सोपी आहे आणि इंग्रजीत मावत नाही. शेवटी मी त्यांच्याच ॲप्रनच्या ओच्यात सफरचंद टाकून दाखवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं, खाली ठेवलं नाही. चिठ्ठीवर आता चार डॉलर आहेत.

12.30

आळीपाळीने जेवण. पोळ्या संपल्या.

माझ्या समोर मण्यांचं टेबल आहे. हे काझुरीचे मणी, नैरोबीजवळच्या कॅरेनमध्ये बायका मातीचे वळतात, भाजतात आणि हाताने रंगवतात. 1975 मध्ये दोन बायकांवर सुरू झालेलं हे काम. स्वाहिली भाषेत काझुरी म्हणजे लहान आणि सुंदर. एकाही माळेतले दोन मणी तंतोतंत सारखे नसतात, हे मी बोटांनी चाचपून बघितलंय.

1.30

गर्दी ओसरली की प्रश्न येतात. आज एका गृहस्थांनी सरळच विचारलं: हे पैसे पोचतात का, आणि त्याचं होतं काय?

असं कुणी विचारलं की मला बरं वाटतं. मी त्यांना स्टूल दिलं.

स्टीफन लुईस 2001 ते 2006 आफ्रिकेतल्या एड्सच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांचे विशेष दूत होते. गावोगाव त्यांना त्याच बायका भेटत होत्या, पाठीला तान्हं आणि भोवती चारपाच नातवंडं. 2003 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या मुलीने प्रतिष्ठान काढलं. 7 मार्च 2006 ला, महिला दिनाच्या आदल्या दिवशी, आज्यांची ही मोहीम सुरू झाली. त्याच ऑगस्टमध्ये टोरोंटोला आफ्रिकेतल्या 100 आणि कॅनडातल्या 200 आज्या एकत्र बसल्या. नंतर देशभर दोनशेहून जास्त गट उभे राहिले. आमचा त्यातलाच एक, 22 जणींचा.

प्रतिष्ठान स्वतः तिथे जाऊन कामं काढत नाही. पैसा तिथल्याच लोकांनी उभ्या केलेल्या संस्थांकडे जातो. युगांडाच्या कनुंगू जिल्ह्यातल्या न्याकाचं उदाहरण मी नेहमी देते. ट्वेसिग्ये जॅक्सन कागुरी यांची भावंडं एड्सने गेली, त्यानंतर 2001 मध्ये त्यांनी गावच्या अनाथ मुलांसाठी शाळेचं काम हाती घेतलं. मुलं शाळेत येऊ लागली तेव्हा दिसलं, की ती परत जातात ते आजीच्या गळक्या घरात. मग आज्यांचे गट झाले. कुणाचं छप्पर आधी, कुणाला संडास, कुणाला बिनधुराची चूल, कुणाला कर्ज, हे गटातल्या आज्याच ठरवतात. केपटाउनजवळच्या खायेलित्शातही 2001 पासून आज्यांची अशी संघटना आहे, तिथे त्या शिवतात, विकतात आणि एकमेकींजवळ रडतातही.

गृहस्थ म्हणाले, आता तर औषधं आली ना?

आली. त्यात आमच्या मुंबईचाही हात आहे, हे मी सांगितल्याशिवाय राहत नाही. श्रीमंत देशांत ज्या उपचाराला वर्षाला 10,000 डॉलरच्या वर लागत होते, तीच तिहेरी औषधं 2001 मध्ये सिप्लाने वर्षाला 350 डॉलरला द्यायची तयारी दाखवली. पण गोळी स्वस्त झाली तरी ती रोज ठरल्या वेळी देणारं माणूस घरात लागतं. पोरगा चौदा वर्षांचा झाला की विचारतो, मलाच का, आणि गोळी थुंकून टाकतो. त्याला त्याच्या आईचं दुखणं नीट शब्दांत कुणी सांगायचं? ते काम आजीचं. ते कसं सांगावं याचं शिक्षण तिथल्या संस्था देतात आणि त्यालाही पैसे लागतात.

मला एका नातवामागे धाप लागते, आणि सहाला किल्ली फिरते. तिथे घरात सहासात मुलं असतात आणि किल्ली फिरत नाही. म्हणून याला कुणी दान म्हटलं की मी तिथल्या तिथे दुरुस्त करते. जिची पाळी संपतच नाही, तिच्या कामातला हा आमचा वाटा आहे.

गृहस्थांनी तीन वार निळं सुती कापड घेतलं. शिवायला कुणी नाही म्हणाले, बायको दोन वर्षांपूर्वी गेली. तरी घेतलं.

3.00

कार्डाचं यंत्र बंद पडलं. वीस मिनिटं सगळा व्यवहार रोख आणि वहीवर. आमच्या खजिनदारबाई 81 वर्षांच्या, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या. 2011 मध्ये आफ्रिकेला स्वस्त औषधं सहज पाठवता यावीत म्हणून सी-393 हे विधेयक मतदानाला आलं, तेव्हा ऑटावापर्यंत गेलेल्या आज्यांत त्या होत्या. 9 मार्चला कनिष्ठ सभागृहाने ते मंजूर केलं, पण निवडणूक लागली आणि सिनेटमध्ये ते तसंच विरून गेलं. ते सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो. आज त्यांनी तोंडी बेरजा करून रांग मोकळी केली.

4.30

दार बंद. उरलेलं कापड पुन्हा खोक्यांत. चारपाच जणींनी खण हातात घेऊन पाहिला आणि ठेवून दिला. शेवटी मीच डब्यात चार डॉलर टाकले.

गुडघे बोलायला लागलेत. तरी नाणी मोजायला बसलो. पंचवीस सेंटचे चार-चारचे ढीग, मग नोटा, मग वही. दोनदा मोजलं, कारण पहिल्या वेळी तीन डॉलर कमी आले. ते वहीखाली सापडले. गेल्या वर्षीपेक्षा 312 डॉलर जास्त. खजिनदारबाईंनी आकडा मोठ्याने वाचला, मग स्लिपवर लिहिला, आणि सगळ्याजणी एकदमच गप्प झाल्या.

6.20

आज किल्ली मी फिरवली. आतून फोडणीचा वास. लेक म्हणाली, "आई, आधी पाय वर घेऊन बस." मी बसले, पण पिशवी जवळ ओढून. या खणाचा काठ पुढच्या वर्षीच्या गोधडीला लावायचा आहे, मधे जुन्या सुती साड्यांचे थर, वरून धावदोरा.

संध्याकाळच्या उजेडात मला सुई ओवता येत नाही. नातवाला हाक मारली. सहा सुया ओवून ठेव म्हटलं, उद्या तो उठायच्या आत लागतील. तो जीभ बाहेर काढून, दोऱ्याचं टोक ओलं करून, एकेक सुई दिव्यासमोर धरत बसला. त्याने आठ ओवल्या.