पेरूची फळमाशी आणि बहाराचा हिशेब

फळमाशी लागणार नाही अशी पेरूची जात कोणती, असे नवी बाग लावणारा हमखास विचारतो. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर रोपवाटिकेत नाही. पुण्याच्या गणेशखिंड फळबागेत १९२७ साली निवडलेल्या सरदार, म्हणजे लखनौ ४९, या जातीचेच झाड घ्या. पावसाळ्यात त्याची फळे कापली की अळ्या वळवळतात. हिवाळ्यात त्याच झाडाची फळे बहुतांशी निर्मळ निघतात. जात तीच, मातीही तीच. बदलतो तो हंगाम. मादी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळी गर पोखरते, फळ गळते आणि अळी मातीत शिरून कोष करते. उबदार, दमट हवेत हे चक्र भराभर फिरते, थंडीत मंदावते. आंबे बहाराची फळे नेमकी पावसात पिकतात, मृग बहाराची नोव्हेंबरनंतर.

जातीच्या टणक सालीचा काहीच उपयोग नाही, असे मात्र नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात आढळलेली ठिपकेदार पंखांची ड्रोसोफिला माशी अंडी घालण्याच्या करवतीसारख्या अवयवाने ब्लूबेरीची शाबूत साल चिरते. टणक फळाच्या जातींत ती कमी अंडी घालते, पण पूर्ण सुटका कोणत्याच जातीची होत नाही. आपल्याकडे पेरूला फोमची जाळी आणि पिशवी घालतात, तीही वरून चढवलेली जाड सालच. मजुरी मात्र फळागणिक मोजावी लागते.

म्हणून मिरज तालुक्यात मला बहार धरण्याचे कसब जातीपेक्षा मोलाचे वाटते. उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि पावसावर मृग बहाराचा फुलोरा घ्यायचा, तर फळे पोसायला पावसानंतर पाणी हवे. जिथे म्हैसाळ उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी पोहोचते, तिथे ही निवड शक्य आहे. जिथे नाही, तिथे हा सल्ला तोकडा पडतो, हे मान्य करायला हवे. सगळ्यांनी मृग धरला तर हिवाळ्यात भाव पडेल, ही शंकाही खरी आहे. पण अळीच्या फळाला भावच नसतो आणि थंडीतला पेरू गोडीलाही सरस. अवघड आक्षेप शेजारच्या बागेचा आहे. मिथाइल युजेनॉलचे आमिष लावलेल्या सापळ्यात फक्त नर सापडतात; तिकडून आलेली फळलेली मादी इकडे अंडी घालतेच. तेव्हा सापळे शिवारभर एकाच वेळी लागावेत, आणि गळलेली फळे बांधावर न टाकता रोज वेचून खोल पुरावीत, शेजारच्या बागेतलीसुद्धा.