एका बोटाचा बास

संपादकांनी गिटारवर लेख मागितला होता. मी अडकलो तिच्या चार तारांच्या थोरल्या बहिणीपाशी. बास गिटार वाजत असते तोवर तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ती थांबली की गाणं अधांतरी होतं.

बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये डेट्रॉइटमधलं एक घर घेऊन तिथे मोटाउन या आपल्या ध्वनिमुद्रण कंपनीचा स्टुडिओ थाटला. पुढे जगभर गाजलेली गाणी त्याच घरात ध्वनिमुद्रित झाली. तो इतिहास सर्वज्ञात आहे. मला ओढ होती ती तिथला बासवादक जेम्स जेमर्सन याच्या उजव्या तर्जनीची.

बासवादक सहसा दोन बोटं आलटूनपालटून चालवतात. जेमर्सन मूळचा जॅझमधला, उभ्या डबल बासवर हात बसलेला. तो एकट्या तर्जनीने वाजवायचा. त्या बोटाला सगळे ‘हुक’ म्हणत. त्याची १९६२ची फेंडर प्रिसिजन बास कुणा नवशिक्याच्या हाती दिली असती, तर त्याने तक्रारच केली असती. तारा जाड, सपाट गुंडाळीच्या, पट्टीपासून उंच. तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज. त्यामुळे स्वर डग्ग्यासारखा घुमे आणि लगेच दबे. ‘बर्नाडेट’ हे गाणं हेडफोन लावून ऐका: गायक आर्जवं करतोय आणि खाली हा माणूस दुसरंच गाणं रचतोय, तरी ठेका तसूभर हलत नाही.

एवढं करून तबकडीवर नाव नाही. आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीतातही सेबॅस्टियन डिसूझांसारखे गोव्याचे संयोजक आणि वादक सहसा असेच अनाम राहिले. मोटाउनच्या तबकडीवर जेमर्सनचं नाव छापून आलं ते १९७१ मध्ये, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. पुढच्याच वर्षी कंपनीने बस्तान लॉस एंजेलिसला हलवलं. तोही मागोमाग गेला. पण तिथे कामं आटत गेली, दारू वाढत गेली. १९८३ मध्ये मोटाउनचा पंचविसाव्या वर्षाचा सोहळा झाला, तेव्हा तो तिकीट काढून प्रेक्षकांत बसला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी थोडेच दिवस ती फेंडरही चोरीला गेली होती.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने २००० साली साथीच्या वादकांसाठी वेगळा विभाग काढला. पहिल्याच यादीत जेमर्सनचं नाव होतं. तेव्हा त्याला जाऊन सोळा वर्षं उलटली होती.